बारीक, दाणेदार आणि त्यापलीकडचा चहा

जळगावच्या कुठल्याही किराणा दुकानात खुला चहा मागा, दुकानदार विचारणारच, "भाऊ, बारीक देऊ का दाणेदार?" आपण सवयीने एकाचं नाव घेतो, पाव किलोची पुडी पिशवीत टाकतो आणि विषय तिथेच संपतो. चहाचे प्रकार म्हणजे हे दोन, फार तर तिसरा तो वजन कमी करायला प्यायचा ग्रीन टी, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. पण बारीक आणि दाणेदार हे चहाचे प्रकार नाहीतच. एकाच मालाच्या त्या चाळणीने पाडलेल्या दोन वाटण्या आहेत.

कारखान्यात चहा वाळला की हलत्या चाळण्यांवरून जातो. मोठा दाणा वर राहतो, भुकटी सगळ्यात खाली पडते. वरच्याला व्यापारी बीओपी, बीपी म्हणतात, मधल्याला ओएफ, पीएफ आणि तळच्याला डस्ट. डस्ट म्हणजे कारखाना झाडून गोळा केलेला कचरा, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तसं काही नाही. चांगल्या मळ्याची डस्ट सुमार मळ्याच्या दाणेदारपेक्षा केव्हाही सरस. कण जितका बारीक तितका तो पाण्याला जास्त भिडतो, म्हणून रंग आणि कडकपणा झटकन उतरतो. टपरीवाला डस्ट वापरतो ते याचसाठी. गिऱ्हाईक उभं आहे, एसटी सुटायच्या बेतात आहे, त्याला रंग दोन मिनिटांत हवा. घरी गॅस बारीक करून निवांत उकळणार असाल तर दाणेदार बरा, तो दमाने उतरतो.

मग प्रकार ठरतो कशावरून?

जगातला सगळा खरा चहा, मग तो काळा असो, हिरवा, पांढरा, पिवळा, ऊलाँग किंवा पु-अर, एकाच झाडाच्या पानांचा असतो. कॅमेलिया सायनेन्सिस हे त्याचं शास्त्रीय नाव. त्याच्या मुख्य जाती दोन. बारीक पानाची, थंडी सोसणारी चिनी आणि मोठ्या पानाची, उष्ण-दमट हवेत फोफावणारी आसामी. आपल्या अंगणातला गवती चहा, तुळशीचा काढा, हल्ली बाजारात आलेला जास्वंदीचा चहा, यांत या झाडाचं पान नसतंच. ते प्यायला छान लागतात, पण इथे त्यांचा विचार करायचा नाही.

एका झाडातून इतके प्रकार निघतात ते पान खुडल्यावर त्याचं पुढे काय केलं जातं त्यावरून. वांग्याच्या मुलखात हे समजावणं सोपं आहे. वांगं चिरून ताटात तसंच ठेवलं तर थोड्या वेळात फोडी काळपट पडतात, म्हणून आपण त्या पाण्यात टाकतो. चिरताना पेशी फुटतात आणि आतलं पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनला हाताशी धरून फोडीचा रंग बदलतं. पाण्यात हवा लागत नाही, म्हणून ते काम मंदावतं. आणि पुरेशी उष्णता लागली की विकर कायमचं निकामी होतं. चहाच्या पानातही हेच विकर असतं. त्याला किती मोकळं सोडायचं आणि नेमक्या कुठल्या क्षणी गरम करून थांबवायचं, चहा तयार करणाऱ्याची निम्मी कारागिरी यातच आहे.

पान खुडल्यावर लवकरच उष्णता दिली तर विकराला संधीच मिळत नाही, पान हिरवं राहतं. तो हिरवा चहा. चीनमध्ये त्यासाठी पानं कढईत परततात, म्हणून हांगचौच्या प्रसिद्ध लोंगचिंग चहाला किंचित भाजका, खमंग वास असतो. जपानमध्ये पानांना वाफ देतात, म्हणून तिकडच्या सेंचाला कोवळ्या हिरवळीचा वास येतो. मात्चा म्हणजे सावलीत वाढवलेल्या पानांची भुकटी. ती गाळायची नसते, पाण्यात घुसळून पानासकट प्यायची असते.

याच्या अगदी उलट टोकाला आपला काळा चहा. पानं आधी रात्रभर पसरून कोमेजवतात, मग रोलरखाली मळून त्यांच्या पेशी फोडतात आणि विकराला पुरतं काम करू देतात. पानातली कॅटेचिन नावाची तुरट द्रव्यं एकमेकांना जोडली जाऊन थिअफ्लेविन आणि थिअरुबिजिन तयार होतात. पहिल्याने चहाला चमक आणि तरतरी येते, दुसऱ्याने लालसर तपकिरी रंग आणि भरीवपणा. या टप्प्याला कारखान्यात फर्मेंटेशन म्हणत असले तरी इथे इडलीच्या पिठासारखं काही आंबत नाही, जंतूंचा त्यात हात नसतो. खरोखर जंतूंच्या कामातून तयार होतो तो चीनच्या युन्नान प्रांतातला पु-अर. तो वड्या दाबून वर्षानुवर्षं मुरवत ठेवतात आणि त्याला पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास येतो. हा वास सगळ्यांना मानवत नाही. मला मानवतो.

या दोन टोकांच्या मधे ऊलाँग. चीनचा फूच्येन प्रांत आणि तैवान ही त्याची घरं. पानं हलवून, उलथीपालथी करून त्यांच्या फक्त कडा दुखवतात, त्या लालसर होऊ लागल्या की उष्णता देऊन थांबवतात. कुठे हे काम पंधरा-वीस टक्क्यांवर थांबतं, कुठे सत्तर टक्क्यांपर्यंत जातं, त्यामुळे दोन ऊलाँग एकमेकांचे भाऊ वाटणार नाहीत इतके वेगळे निघतात. चहा गाळून झाल्यावर भिजलेलं पान ताटलीत अलगद उलगडून बघा. चांगल्या ऊलाँगमध्ये मधलं पान हिरवं आणि कडेने तांबूस किनार दिसते. हीच गंमत दार्जिलिंगच्या पानाबरोबर केली तर बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी काडी आणि तिला चिकटलेली दोन पानं, एक कळी अख्खी सापडते. कुणीतरी हाताने खुडलेली. आपल्या रोजच्या दाण्यात असं काही सापडत नाही.

पांढरा आणि पिवळा चहा थोडक्यात आटपतो. पांढऱ्यात कोवळ्या कळ्या नुसत्या कोमेजवून वाळवतात, चव इतकी हलकी की शेवभाजी खाल्लेल्या जिभेला ती कळतच नाही. पिवळा हिरव्याचाच चुलतभाऊ, दुर्मीळ आणि महाग. दोन्ही सुरुवातीला घेऊ नयेत.

आपल्या वाट्याला दाणाच का आला?

आसामात चहाचं झाड इंग्रजांनी आणलं नाही. सिंगफो लोक ते आधीपासून वापरत होते. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला त्यांच्याकडून ते कळलं, १८३९ मध्ये आसामचा चहा लंडनच्या लिलावात विकला गेला. मळा लावणाऱ्या पहिल्या भारतीयांत ज्यांचं नाव घेतलं जातं त्या मणिराम दिवाणांना इंग्रजांनी १८५८ मध्ये फाशी दिली. दार्जिलिंगला चिनी जातीची झाडं तिथले इंग्रज सरकारचे अधिकारी डॉ. कॅम्पबेल यांनी १८४१ च्या सुमारास लावून पाहिली. पण हा सगळा चहा बाहेर विकण्यासाठी होता. भारतीय माणूस तेव्हा फारसा चहा पीत नव्हता. १९०३ मध्ये चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. कारखान्यांत चहाची सुट्टी, रेल्वे फलाटांवर चहा. भुसावळसारखं जंक्शन ज्या मुलखात आहे त्याला फलाटावरच्या चहाची महती वेगळी सांगायला नको. प्रचारक शिकवत होते तो चहा मात्र उकळलेला नव्हता, किटलीत मुरवलेला होता. विक्रेत्यांनी त्यात दूध, साखर, आलं, वेलची घातली, पत्ती कमी केली आणि उकळला. प्रचारक नाराज झाले, पण गिऱ्हाईक खूश.

मग १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आसामात विल्यम मॅकर्चर यांनी सीटीसी यंत्र आणलं. चिरडणं, फाडणं आणि वळणं या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते नाव पडलं. वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दातेरी रोलरमधून पान गेलं की त्याचा चुरा होतो आणि त्याचे गोल दाणे वळतात. जवळजवळ प्रत्येक पेशी फुटलेली असल्याने विकराचं काम भराभर उरकतं आणि पेल्यात रंगही भराभर उतरतो. एका किलोत जास्त कप होतात, दुधातही चव दबत नाही. गरीब-श्रीमंत सगळ्यांना परवडणारा चहा हवा असलेल्या देशाला यापेक्षा सोयीचं काही नव्हतं. आज भारतात तयार होणाऱ्या चहातला फार मोठा वाटा सीटीसीचाच आहे.

दुधाचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. दुधातलं केसिन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, म्हणून दूध घातलं की जिभेचा तुरटपणा जातो. म्हशीच्या घट्ट दुधाला पुरून उरेल असा चहा म्हणजे सीटीसीच. तेव्हा आपला उकळलेला, साईचा, आल्याचा चहा हा अडाण्यांचा चहा आणि बिनदुधाचा तेवढा जाणकारांचा, असं समजायचं कारण नाही. तो दाणा त्याच कामासाठी घडवलेला आहे.

कुठून सुरुवात करावी

हिरव्या चहापासून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे नेमकं तेच होतं. कुणीतरी वजनाचं सांगतं, पुडी येते, खळखळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं बुडवली जाते आणि कडू काढा नाक दाबून संपवला जातो. महिन्याभरात डबा फडताळाच्या मागे जातो. दोष चहाचा नसतो. हिरव्या पानात कॅटेचिन जशीच्या तशी शिल्लक असतात आणि उकळतं पाणी ती ओरबाडून काढतं. त्याला ७५ ते ८० अंशांचं पाणी आणि दोन मिनिटं पुरतात. थर्मामीटर लागत नाही. उकळलेलं पाणी गार भांड्यात ओता, तिथून दुसऱ्या गार भांड्यात ओता, मग पानांवर घाला. मे महिन्यात आणखी एकदा ओता, आपल्याकडे तेव्हा भांडीसुद्धा तापलेली असतात.

त्यापेक्षा काळ्याकडून हिरव्याकडे उतरत यावं. पहिली पायरी आसामचा पानांचा चहा, म्हणजे सीटीसी नव्हे तर जुन्या पद्धतीने मळून केलेला. पाकिटावर 'ऑर्थोडॉक्स' असं लिहिलेलं असतं. मे-जूनच्या दुसऱ्या बहराचा मिळाला तर उत्तम, त्यात सोनेरी टोकं दिसतात आणि चवीला मोडाच्या धान्याचा गोडसर भरीवपणा असतो. हा थोडं दूध सोसतो, त्यामुळे आपल्याला एकदम परकं वाटत नाही. पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करायचा, मग पत्ती टाकून झाकण ठेवायचं. एका कपाला सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे फुगीर पानांचा शीग लावलेला लहान चमचा. तीन-चार मिनिटांनी गाळायचं. पत्ती पाण्यात उकळायची नाही, नवी सवय लावायची आहे ती एवढीच.

दुसरी पायरी दार्जिलिंग. मार्च-एप्रिलच्या पहिल्या बहराचा रंग फिका सोनेरी असतो आणि तो पाहून घरातले वडीलधारे "पाणीच आहे की हे" म्हणतात. म्हणू द्यावं. दुसऱ्या बहराच्या चहात द्राक्षासारखा जो वास येतो त्यामागे एक मजेशीर कारण आहे. त्या दिवसांत तुडतुडे आणि फुलकिडे कोवळ्या पानाचा रस शोषतात आणि पान बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं. कपाशीवर तुडतुडे दिसले की आपल्या पोटात गोळा येतो, तिकडे त्याचेच पैसे होतात. भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन दार्जिलिंग चहाला मिळालं. आपल्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला ते नंतर मिळालं. पाकिटावर हातात चहाची डहाळी धरलेल्या स्त्रीचं टी बोर्डाचं चिन्ह बघून घ्यावं. दार्जिलिंगमध्ये दूध घालू नका, एवढीच विनंती.

तिसरी पायरी ऊलाँग आणि मग शेवटी हिरवा. इथवर आल्यावर हिरव्याची चव आवडायला लागते, कारण तोवर जीभ साखरेवाचूनही काही शोधायला शिकलेली असते.

चाखताना फुर्रकन आवाज आला तर लाजू नका. बशीत ओतून आवाज करत पिणाऱ्या आप्पांना शहरातल्या सुना नावं ठेवतात, पण चहा पारखणारे व्यावसायिक चमच्यातून याहून मोठ्या आवाजात ओढतात. चहा हवेबरोबर तोंडात गेला की त्याचा वास घशामागून नाकात चढतो आणि चवीतला मोठा भाग हा वासच असतो.

पाण्याचं काय

आपल्याकडचा खरा घोटाळा पाण्यात आहे. अनेक गावांत बोअरचं पाणी जड असतं, बादलीत साबणाचा फेस होत नाही, किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो. या पाण्यात दुधाचा चहा खपून जातो, पण कोरा चहा मंद, काळपट होतो. कपात दोन मिनिटं तसाच ठेवला तर वर तेलकट दिसणारी पातळ साय धरते आणि कप हलवला की तिला तडे जातात. ते तेल नसतं. पाण्यातला कॅल्शियम आणि चहातली द्रव्यं यांचा तो पापुद्रा. त्यावर अर्धं कागदी लिंबू पिळा. पापुद्रा विरघळतो आणि चहा डोळ्यांदेखत तपकिरीचा नारिंगी होतो, कारण आम्लात चहाचा रंगच फिका पडतो. मुलांना दाखवण्यासारखा प्रयोग आहे. मात्र आरओ यंत्रातून क्षार अगदी शून्यावर नेलेलं पाणीही चहाला चालत नाही, चव सपाट येते. साधं, गोडं नळाचं पाणी गाळून घेतलेलं सगळ्यात बरं.

सोड्याने उलटं होतं, रंग गडद होतो. काश्मीरची नून चाय त्यावरच उभी आहे. हिरवी पत्ती चिमूटभर खायचा सोडा घालून बराच वेळ उकळतात, हवा मिसळावी म्हणून वरून ओततात, पाणी लालभडक होतं आणि दूध पडलं की गुलाबी. त्यात साखर नव्हे, मीठ. आपल्याला ती पचायला वेळ लागेल. त्यांचाच कहवा, हिरवी पत्ती, केशर, दालचिनी, बदाम घातलेला, हिवाळ्यात लवकर जमतो.

पंचेचाळीस अंशांत चहा

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे दुपारी गरम कप हातात घ्यावासा वाटत नाही, तेव्हाही चहा सोडायची गरज नाही. एक लिटर गाळलेल्या पाण्यात आठ-दहा ग्रॅम पानांचा चहा टाकून बाटली फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी गाळा. थंड पाण्यात कडू-तुरट द्रव्यं आणि कॅफिन कमी उतरतं, सुगंध आणि गोडवा मात्र येतो. दार्जिलिंगचा पहिला बहर यासाठी अप्रतिम, दक्षिणेतल्या नीलगिरी डोंगरांवरचाही उत्तम. गरम करून गार केलेला कडक चहा फ्रिजमध्ये गढूळ होतो, कारण कॅफिन आणि थिअफ्लेविन एकमेकांना धरून साका होतात. नीलगिरी त्या मानाने नितळ राहतो, म्हणून बर्फाच्या चहाला त्याचं नाव घेतात. हा प्रयोग माठात करू नका. आपल्या उन्हाळ्यात पानं घातलेलं पाणी तासन् तास बाहेर राहिलं तर ते खराब होतं. फ्रिजमधलंही दिवसभरात संपवावं.

आरोग्याचं एकच सांगतो, बाकी दावे व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर आहेत. चहातली तुरट द्रव्यं अन्नातलं लोह शरीराला नीट घेऊ देत नाहीत. म्हणून राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा टाळायला सांगितलंय. घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवून उठल्या उठल्या चहा ठेवायची रीत बदलावी. हिरव्या चहात कॅफिन नसतं, ही समजूतही चुकीची. झोप लागत नाही अशी तक्रार असेल तर रात्री तोही नको.

घेताना, ठेवताना

चहा ओल आणि वास दोन्ही ओढून घेतो. चमेलीचा चहा याच स्वभावावर तयार होतो, पत्तीत ताजी फुलं मिसळून ठेवतात आणि वास मुरला की काढून टाकतात. आपल्या फडताळात चहाशेजारी काळ्या मसाल्याचा आणि हिंगाचा डबा असतो, मग काय मुरणार ते उघड आहे. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, मसाल्यापासून आणि गॅसपासून लांब.

खुल्या चहात कधी कधी वापरलेली पत्ती रंगवून मिसळतात. टिपकागदावर थोडा चहा पसरा, वर पाणी शिंपडा, थोड्या वेळाने चहा झटकून कागद धुवा आणि उजेडात धरा. रंगाचे डाग उमटले तर रंग घातलेला आहे. शुद्ध चहा असे डाग पाडत नाही. लोखंडाचा कीस असेल तर चुंबक फिरवल्यावर चिकटतो.

पानांच्या चहाचा किलोचा भाव बघून दचकायला होतं. तो किलोने घ्यायचाच नसतो, पन्नास ग्रॅम घ्या. दोन ग्रॅमचा एक कप धरला तर पंचवीस कप झाले. ऊलाँगची तीच पानं तीन-चार वेळा पाणी सोसतात आणि दुसरं पाणी पुष्कळदा पहिल्यापेक्षा चांगलं लागतं. तेव्हा त्याचा भाव कपावर काढताना आधी तिनाने भागा आणि मग महाग का स्वस्त ते ठरवा.